बदाम सातचा तिसरा गडी

"चार दिवस! फक्त चार दिवस द्या मला!" डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच घड्याळवाल्यांनी जाहीर केलं. "पाचव्या दिवशी आपली दोन्ही मुलं मुकाट्यानं, आपली आपण पत्ते खेळताना दिसली नाहीत, तर दुकानावरची पाटी उतरवून ठेवतो!"

"पाटीचं राहू द्या," कामावर निघालेली बायको चपला घालत म्हणाली. "आधी त्यांना त्या कपाटावरून उतरवा."

मुलं दोन. मोठी नऊ वर्षांची. तिला घरात सगळे वकीलबाई म्हणत, कारण 'दात घास' म्हटलं तरी ती 'कोणते?' असं विचारी. धाकटा सहा वर्षांचा. त्याचं नाव भोंगा. हे नाव त्याला का पडलं ते तो रडायला लागला की समजे, आणि पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनाही समजे!

घड्याळवाल्यांचं दुकान पुढे आणि घर मागे. मधे फळ्यांची भिंत आणि एक दार. शाळेला सुट्टी लागल्यापासून या दारातून दर पाच मिनिटांनी "बाबा!" अशी आरोळी येई. आरोळी आली की घड्याळवाल्यांचा हात हले, हात हलला की तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून उडे, आणि मग बाप आणि दोन मुलं असे तिघं जण लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगत. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी तीन पाठी दिसत.

पण खरं सांगायचं तर हा त्रास नुसतं निमित्त होता. दुखणं निराळंच होतं. त्या दुखण्याचं नाव साडू!

साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, मुलांचा काका. विम्याच्या ऑफिसात साहेब. त्याच्या घरचा नळ गळत नाही, त्याची छत्री वाऱ्यानं उलटी होत नाही आणि फोटोत त्याचे डोळे कधी मिटलेले नसतात. मेव्हण्याच्या लग्नात या दोघी बहिणींनी एकाच ठाणातलं तपकिरी कापड घेऊन दोघा नवऱ्यांना सारखेच कोट शिवले होते. तर मांडवात साडूला सगळे म्हणाले, "वा! कोट काय शोभतोय!" आणि घड्याळवाल्यांच्या हातात कुणीतरी रिकामा ट्रे देऊन "आणखी दोन चहा आणा" असं सांगितलं! त्या दिवसापासून घड्याळवाल्यांनी आपला कोट ट्रंकेच्या तळाशी घातला होता, आणि मनातूनही काढून टाकला होता. साडू मात्र तो कोट अजून ऑफिसला घालून जातो. शोभतो ना!

आणि गेल्या रविवारी कहर झाला. साडूकडे सगळे जमले होते. साडूची दोन्ही मुलं गॅलरीत बसून तब्बल दोन तास पत्ते खेळत होती. आवाज नाही, भांडण नाही, मोठ्यांना एक हाक नाही! साडू पायावर पाय टाकून म्हणाला, "मुलांना एकदा शिकवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. सोपं असतं, साडूभाऊ."

त्यावर बायको म्हणाली, "बघा! भावजींनी कसं छान वळण लावलंय!"

त्या रात्री घड्याळवाले जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही. एवढं त्यांच्या पोटात दुखत होतं!

तर असा तो चार दिवसांचा विडा उचलला गेला.

पहिल्या दिवशी गुलामचोर. गुलाम आला भोंग्याच्या हातात. घड्याळवाले हौसेनं ओरडले, "चोर! चोर सापडला!" भोंग्यानं ओठ काढला आणि "मी चोर नाही!" म्हणून असा सूर लावला, की दुकानात घड्याळ न्यायला आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका आत डोकावून म्हणाल्या, "लहान मुलावर असा आळ घेऊ नये!" आणि घड्याळ न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिकार-सावकार. तो डाव सकाळी दहाला सुरू झाला आणि दुपारी अडीच वाजता वकीलबाईंनी "याला अंत आहे का, ते आधी लेखी द्या" म्हणून थांबवला.

तिसऱ्या दिवशी बदाम सात. हा खेळ मात्र दोघांना मनापासून आवडला. बदामाची सत्ती टाकायची, तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की, बाकीच्या रंगांच्याही सत्त्या लावत जायच्या आणि पान नसलं की 'पास' म्हणायचं. फक्त भोंग्याच्या चिमुकल्या मुठीत सतरा पानं राहीनात. तेव्हा घड्याळवाल्यांनी डोकं लढवलं. एका पट्टीला कपड्यांचे चिमटे ओळीनं चिकटवले आणि त्यात पानं उभी करून दिली. असे तीन संच केले, मुलांचे दोन आणि स्वतःचा एक. इथवर त्यांचं सगळं अगदी शहाण्यासारखं चाललं होतं.

पण या माणसाला हरणं सोसत नाही! समोर सहा वर्षांचं पोर असलं तरी सोसत नाही! भोंग्याकडे किलवरचे राजा, राणी, गुलाम असा सगळा दरबार अडकलेला, आणि किलवरची सत्ती बाबांनी दाबून धरलेली. "पास," भोंगा म्हणे. "पास. पास." बाबा खो खो हसत. शेवटी भोंगा वाजायला लागला, वकीलबाईंनी "हे बरोबर नाही" असं मत नोंदवलं, आणि बाबा पत्ते खाली आपटून म्हणाले, "खेळ म्हणजे खेळ! माझ्या वाटेत रडूबाई नकोत! उद्यापासून तुमचे तुम्ही खेळा!"

चौथ्या दिवशी त्यांनी नियमांचा कागद लिहून मागच्या खोलीच्या दारावर डकवला. पत्ते नीट पिसावेत, एकमेकांची पानं बघू नयेत, डाव चालू असताना मोठ्यांना हाक मारू नये.

"आणि मोठ्यांनी आत येऊ नये, हेही लिहा," वकीलबाई म्हणाल्या. "नियम दोन्हीकडून असतात."

"लिहितो की! मला काय करायचंय आत येऊन!"

"सही करा."

त्यांनी झोकात सही केली. पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता मागच्या खोलीचं दार लागलं, ते पाच वाजता उघडलं. दोन तास! दोन तासांत एक आरोळी नाही! घड्याळवाल्यांनी पाच घड्याळं दुरुस्त केली आणि बायको घरी येताच छाती पुढे काढून विचारलं, "काय? कसं लावलंय वळण?"

"छान हो," बायको म्हणाली. "आता भाजी आणा."

दोन दिवस ते असे हवेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की खोलीतून हसण्याचा आवाज येतोय.

आता मुलं हसली तर बापाला आनंद व्हायला हवा. पण यांना काही तो होईना. कशाला हसतात? कुणाला हसतात? आपण असताना तर कधी एवढी हसली नव्हती! बरं, बघता बघता आठ दिवस झाले तरी एकदाही कुणी "बाबा, हे बघा" म्हणून आलं नव्हतं. स्क्रू उडाला तर एकट्यानं रांगावं लागत होतं. एकदा धीर करून ते दार ढकलून म्हणाले, "काय रे, कुठवर आलाय डाव?" वकीलबाईंनी फटीतूनच बोट दाखवलं. "कागद वाचा. तुमची सही आहे." दार बंद!

आणि मग एके दुपारी, सव्वातीनच्या सुमाराला, फळ्यांच्या भिंतीला कान लावून उभे असताना, त्यांनी ते ऐकलं.

"घाबरू नका," वकीलबाई कुणाला तरी सांगत होत्या. "तुमच्याकडे चौकटची दश्शी आहे. टाका."

मग एक घोगरा, भारदस्त, पुरुषी आवाज आला: "हं... बघू."

"वा!" भोंगा टाळ्या पिटत ओरडला. "तुम्ही किती छान खेळता! तुम्ही अजिबात चिडत नाही!"

घड्याळवाल्यांनी कान भिंतीला आणखी घट्ट दाबला. आत कुणीतरी आहे! मोठा माणूस आहे! आणि तो आपल्या मुलांशी पत्ते खेळतोय! आणि मुलं त्याचं कौतुक करतायत!

"हं... बघू," पुन्हा तोच आवाज. काय तो शिष्टपणा! जसा काही मोठा तज्ज्ञच!

"अहो, माझं घड्याळ झालं का?" दुकानात मुख्याध्यापिकाबाई पुन्हा येऊन उभ्या होत्या.

घड्याळवाल्यांनी त्यांचं घड्याळ उघडलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "हं... बघू." त्यांना काहीसुद्धा वेगळं वाटलं नाही. माणसाला दुसऱ्याचं खोकणं ऐकू येतं, स्वतःचं येत नाही. बाईंना उद्या यायला सांगून ते परत भिंतीशी गेले.

कोण असेल, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांच्या डोक्यात अशा जागी एकच माणूस बसे. साडू! मागच्या दारानं येत असणार! ऑफिस चार पावलांवर, दुपारची सुट्टी, स्वतःची मुलं झाली शिकवून, आता दुसऱ्याची पळवायला निघाला! त्या संध्याकाळी आवरताना खोलीत पाण्याचे तीन पेले सापडले. तीन! आणि रात्री बायकोनं सहज सांगितलं, "ताईचा फोन होता. भावजी म्हणत होते, भोंगा हल्ली रडत नाही म्हणे."

"त्यांना कसं कळलं?" घड्याळवाले ताडकन उठून बसले.

"मीच सांगितलं असेल."

"असेल? असेल म्हणजे? नक्की नाही ना?"

बायकोनं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाले तयारीत होते. फळ्यांच्या भिंतीत, जुन्या लंबकाच्या घड्याळामागे, लाकडाची गाठ निघून एक भोक पडलं होतं. सव्वातीनला त्यांनी ते घड्याळ उतरवलं आणि भोकाला डोळा लावला. भोकातून फार काही दिसत नव्हतं. एक खुर्ची दिसली, पाठमोरी. तिच्यावर कुणीतरी ऐसपैस बसलेलं. मानेच्या वरचं दिसत नव्हतं. पण खांदे दिसले आणि खांद्यांवर कोट दिसला.

तपकिरी कोट!

तो कोट ते ओळखणार नाहीत, असं होणंच शक्य नव्हतं! सात वर्षं तो त्यांच्या डोळ्यांत सलत होता! आपल्या ट्रंकेतही तसलाच एक आहे, हे मात्र त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. मत्सरानं माणूस आंधळा होत नसेल, पण त्याला एका वेळी एकच कोट दिसतो.

त्यांनी साडूच्या ऑफिसात फोन लावला. "साहेब आत्ताच बाहेर गेलेत," पलीकडून उत्तर आलं. झालं! आणखी काय पुरावा हवा?

आत जाऊन गचांडी धरावी, असं फार वाटत होतं. पण साक्षीदाराशिवाय पकडलं तर साडू हसून म्हणणार, 'सहज आलो होतो, साडूभाऊ!' आणि सगळे म्हणणार, भावजी किती प्रेमळ! छे! रंगेहाथच पकडायचा! त्यांनी दुकानाकडच्या दाराला हळूच बाहेरून कडी घातली. बोळातून वळसा घालून मागच्या दारालाही कडी घातली. मग मेव्हणीला फोन केला. ती दोनच गल्ल्या पलीकडे राहायची.

"ताई, ताबडतोब या! तुमचे हे माझ्या घरात सापडलेत!"

"सापडलेत? म्हणजे? पडलेत का कुठे?"

"पडलेत कसले! चांगले खुर्चीत बसून माझी मुलं फितवतायत! रोज दुपारी!"

मेव्हणी हातातलं काम टाकून धावत आली. घड्याळवाल्यांनी तिला भोकाशी उभं केलं. तिनं एक डोळा मिटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कोट तर यांचाच! अहो, मला म्हणतात, दुपारी मान वर करायला फुरसत नसते! घरी साधा खिळा ठोकायची वेळ आली तर यांना मीटिंग असते!" आणि ती दारावर थापा मारायला लागली. "अहो! बाहेर या! ऐकू येतंय का?"

आतून घोगरा आवाज आला: "हं... बघू."

"बघू? काय बघू? घरी चला, मग मी बघते! आणि घशाला काय झालंय तुमच्या?"

"मावशी, डाव चालू आहे," आतून वकीलबाईंचा आवाज. "कागद वाच."

"पाहिलंत?" घड्याळवाले दाराकडे बोट दाखवत म्हणाले. "पाहिलंत, माझ्या मुलीला कुणाच्या बाजूनं बोलायला लावलंय ते!"

एवढ्यात दुकानाच्या पुढच्या दारातून कुणीतरी घाईघाईनं आत आलं. हातात छत्री, अंगात तपकिरी कोट.

"काय गडबड आहे? शेजाऱ्यांनी सांगितलं, तू इकडे धावत आलीस. बँकेतून येताना घरी डोकावलो होतो," साडू म्हणाला.

घड्याळवाल्यांनी साडूकडे पाहिलं. मेव्हणीनं साडूकडे पाहिलं. मग दोघांनी बंद दाराकडे पाहिलं.

"तुम्ही इथे..." घड्याळवाल्यांनी साडूच्या कोटाची बाही चाचपून पाहिली. "मग आत कोण आहे?"

आतून शांतपणे आवाज आला: "हं... बघू."

कुणीतरी अनोळखी माणूस! आणि आपण आपल्या हातांनी, दोन्ही बाजूंनी कड्या घालून, आपल्या दोन्ही मुलांना त्याच्याबरोबर कोंडलंय! क्षणभर त्यांच्या मनात साडू नव्हता, कोट नव्हता, काही नव्हतं. नुसती ती दोन पोरं होती.

"चोर!" ते किंचाळले. त्यांनी भिंतीजवळच्या घड्याळाचा पितळी लंबक उपसला, साडूनं छत्री सरसावली, मेव्हणीनं कडी काढली आणि दोघं साडू जन्मात पहिल्यांदाच खांद्याला खांदा लावून आत घुसले. घड्याळवाल्यांनी पाठीमागून झेप घालून त्या माणसाच्या मानेला मिठी मारली. साडूनं छत्रीचं टोक त्याच्या पोटात खुपसलं. खुर्ची कलंडली. माणूस, घड्याळवाले, साडू आणि बावन्न पत्ते असे सगळे जमिनीवर लोळले.

"सोडू नका!" साडू ओरडला.

"सोडतोय कसला!" घड्याळवाल्यांनी लंबक हाणला. "कोण आहेस तू? बोल! बोल!"

माणूस बोलला नाही. त्याच्या पोटातून फस्सकन कापूस बाहेर आला.

आणि मग, इतक्या दिवसांनी, भोंगा वाजला! असा वाजला, की दुकानातली दोन बंद घड्याळं सुरू झाली म्हणतात.

"बाबांना मारलं!" भोंगा टाहो फोडत होता. "यांनी बाबांना मारलं!"

"अरे, मला कुठे मारलं? मी हा काय!" घड्याळवाले तोंडातला कापूस थुंकत म्हणाले.

"तुम्ही नाही! बाबांना!" आणि तो त्या माणसाच्या गळ्यात पडला.

तो माणूस म्हणजे दिवाणखान्यातला लोड होता. उभा करून खुर्चीला पट्ट्यानं बांधलेला. त्याच्या अंगात ट्रंकेच्या तळातला तपकिरी कोट होता. टोकाला खडूनं डोळे काढले होते आणि एका डोळ्यावर बाटलीचं झाकण चिकटवलं होतं. ते भिंग! लोडापुढे चिमट्यांचा तिसरा संच होता, आणि बाजूला भिंतीवरच्या घड्याळाचं रिकामं लांब खोकं पडलं होतं.

"हे काय आहे?" घड्याळवाल्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"बदाम सातला तीन जण असले की मजा येते," वकीलबाई कोट झटकत म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तुमचे तुम्ही खेळा. म्हणून हे बाबा केले. यांची पानं आम्ही दोघं मिळून खेळतो. यांच्या वतीनं भोंगा खोक्यात तोंड घालून बोलतो."

भोंग्यानं हुंदका आवरला, खोकं तोंडाला लावलं आणि बोलून दाखवलं. "हं... बघू."

मेव्हणीला हसू आवरेना. "अगदी हुबेहूब हो, भावजी! माझ्या कसं लक्षात नाही आलं!"

"मी असं बोलतो?" घड्याळवाल्यांनी साडूला विचारलं.

"असंच," साडू म्हणाला.

"पण... पण मी इथे भिंतीपलीकडे होतो की! मला का नाही बोलावलं?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वकीलबाईंनी सावकाश, एकेक बोट मोडत सांगितलं. "हे बाबा पानं अडवून हसत नाहीत. हरले तर पत्ते आपटत नाहीत. रडलं तर रडूबाई म्हणत नाहीत. म्हणून भोंगा आता रडतच नाही."

"आणि पाणीपण सांडत नाहीत," भोंग्यानं भर घातली.

घड्याळवाले जमिनीवर तसेच बसून राहिले. सात वर्षं ते साडूवर जळले होते. त्यात एक प्रकारची सवय झाली होती. पण लोडावर कसं जळायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि जळत तर होतेच! त्या फुटक्या पोटाच्या, खडूच्या डोळ्यांच्या लोडाच्या गळ्यात त्यांचा मुलगा पडला होता, आणि तो त्यांच्या मांडीवर यायला हवा होता.

साडू शेजारी बसला. त्याच्या केसांतही कापूस होता, पण मेल्याला तोसुद्धा शोभत होता.

"साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "तुम्ही निदान लोड तरी झालात. आमच्याकडे दोघंच खेळतात. मी त्या रविवारी तुमच्यासमोर ऐट मारली, पण मी आत डोकावलो तर पोरं म्हणतात, काही हवंय का? माझ्या जागी कुणी साधी उशीसुद्धा ठेवली नाही हो!"

ऐकून घड्याळवाल्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! साडू आपल्यावर जळतोय! आपल्यावर! त्यांनी उठून साडूसाठी स्वतः चहा केला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली. पाच वाजता बायको आली. तिनं लोडाला टाके घातले आणि एवढंच विचारलं, "कोट धुऊन ट्रंकेत ठेवू, की यांच्याच अंगात राहू दे?" यांच्या म्हणजे लोडाच्या.

ते बरं वाटणं रात्रीपर्यंतच टिकलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता आतून पुन्हा हसण्याचा आवाज यायला लागला. सव्वातीनला घड्याळवाल्यांनी भिंग काढून ठेवलं, दुकानाचा दरवाजा ओढून घेतला, केस सारखे केले आणि मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

"कोण आहे?" वकीलबाई.

"मी."

"मी कोण?"

"बाबा."

आत कुजबुज झाली. "बाबा आत आहेत," भोंग्यानं सांगितलं.

घड्याळवाल्यांनी दाराच्या फटीला तोंड लावलं. "मला खेळायला घ्या ना. मी अडवून हसणार नाही. पत्ते आपटणार नाही. लिहून देतो."

पुन्हा कुजबुज. कडी निघाली. वकीलबाईंनी त्यांना आत घेतलं, खाली बसवलं आणि अटी वाचून दाखवल्या. त्यांनी सगळ्या अटींना मान डोलावली.

"चौघांत तेरा-तेरा पानं येतात, त्यामुळे चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण बाबांची जागा भरलेली आहे. तुम्हाला दुसरं कुणीतरी व्हावं लागेल."

"दुसरं कोण होऊ?"

"काका!" भोंगा उड्या मारत ओरडला. "तुम्ही काका व्हा!"

सगळं जग सोडून नेमकं तेच! घड्याळवाल्यांनी लोडाकडे पाहिलं. लोड कोट घालून मजेत बसला होता. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा त्यांच्याकडे बघून हसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच!

"झालो," ते म्हणाले. "वाटा पानं."

आणि सांगायला हरकत नाही, त्या दिवशी ते असे खेळले, की ज्याचं नाव ते! एक पान दाबून ठेवलं नाही. भोंग्याला हवी ती सत्ती आधी टाकली. कुणी 'पास' म्हटलं तर हळहळले. पाणी सांडलं नाही. आणि एवढं करूनही शेवटचं पान पहिल्यांदा त्यांचंच संपलं! मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वकीलबाईंनी वही उघडून निकाल लिहिला. पहिले: काका. शेवटचे: बाबा.

"अगं, पण जिंकलो तो मी ना!" घड्याळवाले वहीवर बोट ठेवून म्हणाले. "बाबा कुठे हरलेत? बाबाच तर जिंकलेत!"

"तुम्ही काका आहात," वकीलबाई म्हणाल्या. "वहीत खोटं लिहीत नाहीत."

तेवढ्यात भोंगा उठला, लोडाजवळ गेला आणि त्याच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवत म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका हं. काका आहेतच तुमच्यापेक्षा छान."